कोबेचं चिरोटं

“घरी पोचायला किती वेळ लागेल?”

काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्यानं विचारलं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा डगला, हातात पुठ्ठ्याचं खोकं.

विचारलं अर्थातच जपानीत. शिवलीलानं ते मराठीत सांगितलं.

बसाप्पा मिठारी तडकला. “ह्याला काय करायचंय माझ्या घराशी? मिठाई इकायला बसलाय का पोलीसपाटील हाय?”

“आप्पा, इथं विचारतात. केकच्या सगळ्या दुकानांत विचारतात. जितका वेळ लागणार, तितक्या बर्फाच्या पुड्या खोक्यात घालतात. वाटेत माल खराब होऊ नये म्हणून.”

“अस्सं. मग सांग त्याला. दोन दिवस.”

“आप्पा...”

“कोबे ते ओसाका, ओसाका ते मुंबई, मुंबई ते गडहिंग्लज. दोन दिवस. आणि तू माझ्यासंगं येणार हायस, ते बी सांग. हुबेहूब सांग. पदरचं घालू नको.”

शिवलीला वळली, कमरेत वाकली आणि गोड आवाजात चार शब्द बोलली.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. खोक्यात एकच पुडी घातली.

बसाप्पा अडाणी होता, आंधळा नव्हता. “दोन दिवसाला एक पुडी?”

“मी पंधरा मिनिटं सांगितलं. माझी खोली पंधरा मिनिटांवर आहे.”

म्हाताऱ्यानं खोकं दोन्ही हातांनी पुढं केलं आणि तोही वाकला. जपानी माणसाचं हे एक आहे, वाकायला त्याला कारण लागत नाही. बसाप्पा काही वाकला नाही. त्यानं खोकं एका हातानं ओढून घेतलं.

आता हा बसाप्पा कोण, ते सांगून टाकलेलं बरं.

गडहिंग्लजच्या पेठेत मिठाऱ्यांचं मिठाईचं दुकान. तिसरी पिढी. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण कढईसमोर उभा राहिला की भल्याभल्यांनी बाजूला सरावं. चिरोटं तर असं, की दिवाळीला बेळगावाहून माणसं येत. आपल्यासारखा हात पंचक्रोशीत नाही, हे तो स्वतःच सांगायचा. दुसऱ्यानं सांगेपर्यंत दम निघत नसे.

एक पोरगा, इराण्णा. त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं. साखरेच्या वासानं डोकं दुखतं म्हणाला.

एक पोरगी, ही शिवलीला. सोळा वर्षांची असताना तिनं झारा मागितला होता.

“पोरीचं काम न्हाई,” बसाप्पा म्हणाला होता. “भट्टीच्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाई.”

नाही टाकलं तिनं. शिकली, इंजिनियर झाली, यंत्रांच्या कंपनीत लागून जपानला आली. चार वर्षं बरी गेली. आणि महिन्यापूर्वी फोनवर सांगते काय, तर नोकरी सोडून आठ महिने झाले. कोबेत हिराओका नावाच्या एका म्हाताऱ्याचं फ्रान्सच्या पद्धतीच्या केक-पेस्ट्रीचं दुकान आहे, तिथं हाताखाली शिकतेय.

शिवलीला हे नाव जपान्यांच्या तोंडात ‘शिबारीरा’ झालं होतं. ते ऐकून बसाप्पाला आणखीच राग आला.

नोकरी सोडली याचा नव्हता. खोटं कशाला बोला, त्याचं त्याला बरंच वाटलं होतं. पण कढईच ढवळायची होती तर घरची ढवळायची! गेल्या सालापासून त्याचा उजवा खांदा वर जात नव्हता. रात्रंदिवस एकच घोर, आपल्यानंतर झारा कोण धरणार?

म्हणून जन्मात पहिल्यांदा विमानात बसला. येताना परतीची तिकिटं काढून आला. सोमवारची. दोन.

खोलीवर आल्यावर त्यानं खोकं उघडलं. दुकानात त्यानंच बोट दाखवून घेतलं होतं ते. कारण ते दिसायला चिरोट्यासारखं होतं. पदरावर पदर, पदरावर पदर, आणि मधे पिवळट साय.

“ह्याला काय म्हणतात?”

“मिल-फॉय. फ्रेंच नाव आहे. हजार पानं, असा अर्थ.”

“हजार? मोजली का कुणी?”

त्यानं चष्मा चढवला आणि खरंच मोजायला बसला. चाळिसाच्या पुढं नजर चुकली. मग घास मोडला, तोंडापाशी नेला आणि थांबला.

“लीले... ह्यात अंडं न्हाई न्हवं?”

“पदरांत नाही. मधल्या क्रीममध्ये आहे.”

बसाप्पानं घास खाली ठेवला. बोटं धुतली. पुन्हा धुतली. गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि मग पोरीकडं बघितलं.

“तू खाल्लंस?”

“नाही.”

“आठ महिने त्यात हात घालून बसलीस नि खाल्लं न्हाईस? कुणाला सांगतीस?”

शिवलीलानं खोकं बंद केलं. ते मिल-फॉय खालच्या घरमालकिणीच्या नशिबात गेलं.

बऱ्याच वेळानं पोरगी म्हणाली, “आप्पा, परवा रविवार. सकाळपासून दुकानात बसा. भटारखान्याला काच आहे, सगळं दिसतं. दिवसभर माझं काम बघा. खोट काढलीत, तर सोमवारी मी तुमच्याबरोबर विमानात बसते.”

“एक खोट?”

“एक. पण खरी. ओढूनताणून काढलेली नको.”

“एक कशाला? धा काढतो.”

पोरगी हसली. पण कुशीवर वळून झोपली तेव्हा तिला झोप लागली नव्हती, हे बापाला कळलं. त्यालाही लागली नव्हती.

रविवारी सकाळी आठ वाजता बसाप्पा काचेसमोरच्या स्टुलावर बसला. धोतर, कोट, टोपी. जणू पोरगी बघायला आलाय. काचेत एक छोटी खिडकी होती, तिच्यातून शिवलीला बोलायची.

हिराओका शहात्तर वर्षांचा. तरुणपणी फ्रान्समध्ये अकरा वर्षं भांडी घासत घासत शिकून आलेला. आता स्वतः कमीच करायचा. त्यानं दुसरं स्टूल आणलं, बसाप्पाच्या शेजारी ठेवलं आणि चहाचे दोन पेले आणले. त्या चहात दूध नाही, साखर नाही. बसाप्पानं एक घोट घेतला आणि पेला पायाशी ठेवला.

आत शिवलीला लोण्याची लादी पिठात गुंडाळून लाटत होती.

“पयली खोट,” बसाप्पा म्हणाला. “आम्ही पोळीला साटा लावतो. तुपात तांदळाची पिठी फेसून, हलक्या हातानं. हे बघ, अख्खी वीटच घातली लोण्याची! तीबी बर्फासारखी गार. सांग त्याला.”

खिडकीतून शिवलीला जपानीत बोलली.

हिराओका म्हणाला, “होय.”

“दुसरी. लाटलेलं पीठ उचलून फ्रीजात ठेवलं. आता तासभर काय करायचं? वाट बघायची? गिऱ्हाइकानं तोवर काय भजन करायचं? सांग.”

शिवलीला बोलली.

“होय,” हिराओका म्हणाला.

“तिसरी! ह्या म्हाताऱ्याला व्हय म्हणण्यापलीकडं काय येतं का? मिठाईतलं काय कळतं का ह्याला, का टोपी घालून नुसता मिरवतोय?”

 शिवलीला काहीतरी जुळवायला लागली. तेवढ्यात हिराओकाच बोलला.

“काय म्हणाला?”

शिवलीलाचे कान लाल झाले. “म्हणाले, तुझे वडील जेवढं बोलतात आणि तू जेवढं सांगतेस, त्यांची लांबी जुळत नाही.”

“तू काय सांगत होतीस?”

“पहिल्यांदा सांगितलं, लोणी छान आहे म्हणतात. दुसऱ्यांदा सांगितलं, इथली शांतता आवडली म्हणतात.”

बसाप्पाला हसू आलं. त्यानं ते मिशीत दाबलं.

“आता हुबेहूब सांग. टोपीचंसुद्धा.”

तिनं सांगितलं. डोळे मिटून सांगितलं.

हिराओका इतका हसला की टोपी खरंच एका कानावर आली. ती सरळ करून तो म्हणाला, “होय. फारसं कळत नाही. म्हणून तर अजून रोज दुकानात येतो.”

बसाप्पानं पायाजवळचा पेला उचलला. आणखी एक घोट घेतला. कडूच होता.

“विचार त्याला, आठ महिन्यांत तुला शिकवलं काय?”

“काही नाही,” हिराओका म्हणाला.

“मग आठ महिने केलं काय?”

“मधे आलो नाही.”

“हे काय शिकवणं झालं?”

“फार अवघड असतं. रोज विसरायला होतं.”

 बसाप्पा आणखीच चिडला.

साडेदहाला भट्टीतून पदर निघाले. तांबूस, ताठ, वहीच्या पानाएवढे. हिराओकानं खिडकीतून एक तुकडा मागून घेतला आणि बशीत घालून बसाप्पापुढं धरला.

“अंडं?”

“मैदा, लोणी, मीठ, पाणी,” शिवलीला आतून म्हणाली. “बाकी काही नाही, आप्पा.”

बसाप्पानं तुकडा कानाजवळ नेऊन मोडला.

आवाज ऐकला. पुन्हा मोडला, पुन्हा ऐकला.

मग तोंडात टाकला. पदर जिभेवर एकेक करून सुटले. शेवटी नुसता लोण्याचा वास उरला.

हिराओका बघत होता.

“अजून एक दे म्हणावं,” बसाप्पा म्हणाला. “खोट शोधायचीय.”

दुसरा आला. तोही गेला.

“अजून एक. जरा नीट शोधतो.”

तिसरा खाऊन त्यानं कोटावरचा चुरा झटकला. “चिरोटंच हाय हे. उगी फ्रान्सचं नाव लावलंय. आणि लोणी कढवून तूप केलं असतं तर आणखी बरं झालं असतं.”

“ही खोट झाली?” शिवलीलानं विचारलं. आवाजात धाकधूक होती.

“ही त्यांच्या रीतीतली. तुझ्या हातातली सापडली की सांगीन. दिवस जायचाय अजून.”

बाराच्या सुमाराला बसाप्पाचा फोन वाजला. गडहिंग्लजहून गंगव्वा, त्याची बायको. बसाप्पा फोनवर बोलला की फोनची गरजच नसायची, कोबेहून गडहिंग्लजला तसंच ऐकू गेलं असतं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“काय? मोठ्यानं बोल!”

“अवो, सुतारांच्या घरी बारसं हाय. बर्फी पायजे म्हणत्यात. कस्तुरी इचारतीया, भट्टी पेटवू का?”

कस्तुरी म्हणजे इराण्णाची बायको. लग्न होऊन तीन वर्षं झालेली.

“हात लावायचा न्हाई! मी आल्याबिगर कुलूप निघायचं न्हाई!”

“ती म्हणतीया, पाक झाल्याचा आवाज मला ठावा हाय.”

“आवाज? आवाजावर कधी पाक कळलाय का? तिला म्हणावं, गुमान वेलदोडे सोल. आणि भट्टीच्या उंबऱ्यावर बसायची खोड काढ म्हणावं तिची. येता-जाता माझा पाय लागतो!”

फोन ठेवला.

हिराओकानं खिडकीकडं बघून काहीतरी विचारलं. शिवलीलानं उत्तर दिलं. या खेपेला लांबी जुळली.

“काय सांगितलंस?”

“हुबेहूब.”

हिराओका बसाप्पाकडं बघून “होय” म्हणाला. एवढंच.

दुपारी गर्दी ओसरली. आत शिवलीला एकटीच होती. तिनं तांब्याचं पातेलं चुलीवर ठेवलं. दूध, साखर, अंड्यांचा बलक, थोडं पीठ. मधली साय करायची होती. ती पाठमोरी उभी राहून ढवळत होती. बसाप्पाला फक्त तिची पाठ दिसत होती आणि हलणारं कोपर.

“आता हितं खोट सापडणार,” तो पुटपुटला. “पाठ करून उभी हाय. लपवाय बघतीया.”

हिराओकानं खिडकी पूर्ण उघडली. मग ओठांवर बोट ठेवलं.

दोघं म्हातारे गप्प झाले.

आधी नुसती सळसळ होती. पातळ दूध भांड्याला घासत होतं.

मग आवाज दाटला. जड झाला. फद... फद... मोठे बुडबुडे फुटायला लागले. कोपर जोरात हलायला लागलं.

बसाप्पानं मान कलती केली. डोळे मिटले. आता तो कोबेत नव्हता. समोर कढई होती, खवा आटत होता, दिवाळी चार दिवसांवर आली होती.

फद... फद... फद...

आणि आवाज एकदम मऊ पडला. कुणीतरी श्वास सोडावा तसा.

“आता!” बसाप्पा ओरडला.

डोळे उघडले, तर पातेलं चुलीवरून उचललेलं होतं.

पोरीनं त्याचं ओरडणं ऐकून उचललं नव्हतं. त्याचं तोंड आणि तिचे हात एकाच क्षणी हलले होते.

बसाप्पाचा उजवा हात हवेत होता. झारा धरल्यासारखा. खांदा दुखत होता ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

हिराओका त्या हाताकडं बघत होता.

बसाप्पानं हात खाली घेतला. उठून खिडकीपाशी गेला.

“चाखलं न्हाईस.”

“त्यात अंडं आहे, आप्पा.”

“म्हंजे... आठ महिने?”

“एकदाही नाही. याआधी तीन दुकानांत विचारून आले होते. चाखत नाही ती कसली आचारी, म्हणून परत पाठवलं.”

“मग तयार झालं हे कळतं कसं?”

शिवलीलानं पातेलं ओट्यावर ठेवलं. “तुम्ही कधी चाखलंत? पहिला घाणा देवाला. त्याआधी जीभ लावायची नाही. जन्मात लावली नाहीत.”

“मला दिसतं की! कढई माझ्या म्होरं असती. तुला कुणी दावलं?”

“कुणी नाही. मी उंबऱ्यावर अभ्यासाला बसायचे. आत यायचं नव्हतं ना. तिथनं कढई दिसायची नाही.”

“मग काय दिसायचं?”

“तुमची पाठ.”

  बसाप्पानं कोटाच्या खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

हिराओकानं विचारलं, काय बोलणं झालं? शिवलीलानं सांगितलं. 

 म्हातारा म्हणाला, “पहिल्या दिवशी मी हिला विचारलं, कुणाकडे शिकलीस? म्हणाली, कुणाकडेच नाही.”

“बरोबरच हाय,” बसाप्पा म्हणाला.  “मी तिला काय बी शिकवलं न्हाई.”

“होय. तिचं काम बघितल्यापासून वाट बघतोय. हा ‘कुणीच नाही’ एकदा दुकानात यावा म्हणून.”

आणि हिराओका स्टुलावरून उठून बसाप्पापुढं वाकला. काउंटरवर वाकला होता तसा नव्हे. अगदी खाली. टोपी पडली.

बसाप्पाला काय करावं कळेना. मग तोही वाकला. सवय नव्हती, कंबर करकरली, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

शिवलीला खिडकीत हसत होती आणि डोळे पुसत होती. बारक्याशा त्या दुकानात दोन म्हातारे आपापली टाळू चोळत उभे होते.

संध्याकाळ झाली. चढाच्या गल्लीत ऊन तिरपं झालं. काउंटरवरचा माल संपत आला. शिवलीलानं एप्रन काढून घडी केली आणि बापासमोर येऊन उभी राहिली. शाळेत निकालाला उभी राहायची तशी.

“आप्पा. दिवस संपला.”

“व्हय.”

“खोट?”

बसाप्पानं भटारखान्याकडं बघितलं. काचेकडं बघितलं.

“हाय. एक हाय.”

तिचा चेहरा उतरला. “सांगा.”

“भट्टीला कुणी काच लावतं का? कुणीबी येतंय, बघतंय, सगळं शिकून जातंय.”

“ती खोट माझी नाही, आप्पा. काच त्यांनी लावलीय.”

“न्हाईच तुझी,” बसाप्पा म्हणाला. “तुझी हाय असं कवा म्हणालो मी?”

शिवलीला तशीच उभी राहिली.

“बघत काय बसलीस? इराण्णाला फोन कर. म्हणावं, एक तिकीट मोड. आणि तुझ्या आईला ते चिरोटं बांधून दे. पोरीच्या हातचं खाऊ दे की तिला.”

हिराओका काउंटरपलीकडं गेला. खोकं काढलं. घड्या घालून उभं केलं. रोजच्यासारखं विचारलं,

“घरी पोचायला किती वेळ लागेल?”

शिवलीलानं तोंड उघडायच्या आत बसाप्पानं हात वर केला.

“दोन दिवस. एकट्या माणसाचे. हुबेहूब सांग.”

सांगायला तिला जरा वेळ लागला.

हिराओकानं बर्फाच्या पुड्यांच्या डब्यात हात घातला... आणि रिकामाच बाहेर काढला. कपाटातून कोरडे पदर घेतले, कागदात एकेक गुंडाळले, खोक्यात उभे लावले. साय नाही, बर्फ नाही.

बसाप्पानं डोकावून बघितलं. “आणि मधलं? मधलं घातलंच न्हाई ह्यानं.”

“मधलं दोन दिवस टिकत नाही,” हिराओका म्हणाला. “ते ज्याच्या त्याच्या घरी करायचं.”

“करू की. अंड्याबिगरचं करू. बासुंदी घट्ट आटवली म्हंजे झालं. हात दुखला तर दुखला, यंदाचं निभंल.” बसाप्पा काउंटरवर रेलला. आवाज खाली आणला. तिकडं कुणी ऐकत नव्हतं तरी. “पण फुडं काय? एवढा शहाणा हाय तर विचार त्याला, लीले. म्हणावं, पोर तुझ्याकडं ऱ्हायली. पोरगा मोबाइल इकतोय. माझ्यानंतर झारा धरणार कोण?”

शिवलीलानं विचारलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

हिराओकानं खोक्याला फीत बांधली. टोकं कात्रीनं सारखी केली. खोकं दोन्ही हातांनी पुढं केलं. बसाप्पानंही ते दोन्ही हातांनी घेतलं.

मग म्हातारा म्हणाला,

“उंबऱ्यावर आता कोण बसतं?”